हिटलरच्या परराष्ट्र खात्यातली निर्वासित प्रिन्सेस

१९४० सालची सुरुवात. जर्मनीच्या सरकारी रेडिओ वृत्तसेवेत अतिमहत्त्वाच्या बातम्यांसाठी वेगळा कागद असायचा, वरच्या कडेला पिवळा पट्टा असलेला. नव्याने कामाला लागलेल्या एका २३ वर्षांच्या मुलीने एक दिवस त्या कागदावर गंमत म्हणून थाप टाइप केली: लंडनमध्ये दंगल पेटली असून राजाला बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावर लटकवलं आहे म्हणे. तिच्यासोबत काम करणाऱ्या एका मुलीला ते खरंच वाटलं. तिने त्याचं भाषांतर करून दक्षिण आफ्रिकेसाठीच्या बातमीपत्रात घालूनही टाकलं. बातमी हवेत जायच्या आत साहेबांनी अडवली, तीही कशामुळे, तर जर्मन व्याकरणाच्या चुकांवरून ही करामत कोणाची हे त्यांनी ओळखलं म्हणून.

ही मुलगी म्हणजे प्रिन्सेस मारी वासिलचिकोवा, घरच्यांची आणि मित्रमंडळींची 'मिसी'. रशियातल्या एका बड्या सरदार घराण्यातली. हा किस्सा तिच्याच डायरीतला आहे. १९४० ते १९४५ या काळात तिने बर्लिन, बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) आणि व्हिएन्नात बसून ती इंग्रजीत लिहिली. म्हणजे शत्रूच्या भाषेत, आणि बराच काळ हिटलरच्या परराष्ट्र खात्याच्या कचेरीत नोकरी करत. याच काळात तिचे जवळचे मित्र हिटलरला मारायचा बेत करत होते आणि तिला त्याचा सुगावा होता.

पहिल्यांदा वाचताना डोकं चक्रावतं. रशियन निर्वासित मुलगी नाझींच्या मंत्रालयात काय करत होती? तिथे हिटलरविरोधी माणसं कशी काय टिकली होती? आणि असली डायरी पकडली कशी गेली नाही?

बर्लिनला पोहोचली कशी

मिसीचा जन्म जानेवारी १९१७ चा, रशियाच्या तेव्हाच्या राजधानीतला. ती दोन महिन्यांची असताना झारने गादी सोडली. वर्ष सरायच्या आत बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट, सत्तेवर आले. १९१९ मध्ये वासिलचिकोव्ह कुटुंबाने रशिया सोडला तो कायमचा. मग जर्मनी, फ्रान्स, लिथुएनिया अशी भटकंती. जमीनजुमला गेला, पदवी राहिली. हाताशी उरलं ते म्हणजे भाषा. मुलांना चार-पाच भाषा सहज यायच्या आणि पुढे सगळ्यांचं पोट त्याच भाषांवर चाललं.

तिसाच्या दशकातल्या मंदीत फ्रान्समध्ये परदेशी माणसाला कामाचा परवाना मिळणं महाकठीण होतं. मिसीने लिथुएनियात, कौनास शहरातल्या ब्रिटिश वकिलातीत सेक्रेटरीचं काम केलं. युद्ध सुरू झालं तेव्हा ती आणि थोरली बहीण तातियाना जर्मनीत होत्या. जानेवारी १९४० मध्ये दोघी नोकरी शोधायला बर्लिनला आल्या. लढाईच्या दिवसांत इंग्रजी-फ्रेंच जाणणारे हात सरकारला हवेच होते. त्याच वर्षी जूनमध्ये सोव्हिएत फौजा लिथुएनियात घुसल्या. वडील कसेबसे निसटून मुलींकडे आले आणि पुढे बर्लिनमध्ये रशियनच्या शिकवण्या घेऊ लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९४० मध्ये हिटलर आणि स्टालिन यांचं गूळपीठ होतं. ऑगस्ट १९३९ चा करार ताजा होता. ज्या सोव्हिएत सत्तेने या कुटुंबाचं घरदार नेलं, तिच्या दोस्ताच्या राजधानीत ही मंडळी राबत होती. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला तेव्हा तर कोंडी आणखी वाढली. हरावं कोणी अशी इच्छा करायची? मिसीच्या आईने आपल्यापुरतं उत्तर शोधलं. ती सोव्हिएत युद्धकैद्यांसाठी मदत गोळा करायला लागली. जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक लागले आणि त्यांतले तेहतीस लाखांच्या आसपास कैदेत मेले, बहुतेक उपासमार, थंडी आणि रोगराईने. बोल्शेविकांनी देशोधडीला लावलेली बाई लाल सैन्याच्या जवानांसाठी झगडत होती, आणि नाझी तिच्या वाटेत खोडा घालत होते.

सरंजामी मंडळी आणि नाझी

जर्मनीतले राजेरजवाडे १९१८ मध्येच गेले. १९१९ च्या राज्यघटनेने उमरावांचे विशेष हक्क काढून घेतले आणि पदव्या निव्वळ आडनावाचा भाग झाल्या. पण आपल्याकडे १९७१ मध्ये तनखे बंद झाले म्हणून गावातल्या माणसाने 'राजेसाहेब' म्हणायचं सोडलं नाही, तसंच तिथेही झालं. किल्ले, शिकारीची रानं, नात्यागोत्याचं जाळं, सगळं जागच्या जागी होतं. लष्करात आणि परराष्ट्र खात्यात तर पिढ्यान्‌पिढ्या याच घरांतली माणसं असायची.

हिटलरला ही मंडळी हवीही होती आणि नकोही. सुरुवातीला त्यांच्यातल्या अनेकांनी त्याला साथ दिली, हे विसरून चालणार नाही. मिसीच्या वर्तुळातला गॉटफ्रीड फॉन बिस्मार्क, म्हणजे लोहपुरुष बिस्मार्कचा नातू, आधी पक्षाचा माणूस होता आणि पॉट्सडॅमला मोठ्या सरकारी हुद्द्यावर बसला होता. पुढे तोच कटवाल्यांच्या गोटात गेला. बर्लिनचा पोलीसप्रमुख काउंट हेलडॉर्फ तर एके काळचा कट्टर नाझी. तोही कटात सापडला आणि फाशी गेला. पांढरं-काळं करून पाहणाऱ्याला ही डायरी फार त्रास देते.

मे १९४० मध्ये कैसरचा, म्हणजे जर्मनीच्या माजी सम्राटाचा, नातू विल्हेल्म फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन मेला. त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे ५०,००० लोक लोटले. हिटलर बिथरला, आणि माजी राजघराण्यांतल्या मुलांना आघाडीवर पाठवू नये असा हुकूम निघाला. लोकांच्या मनात राजेशाहीबद्दल हळवेपणा जागा व्हायला नको, हे कारण. गंमत अशी की या 'अपमानामुळे' कित्येकांचे प्राण वाचले.

ऑगस्ट १९४२ अखेर झिगमारिंगेनच्या किल्ल्यावर होहेनझोलर्न आणि बव्हेरियाच्या घराण्यांचं लग्न झालं. मिसी पाहुणी होती. तिने ते बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवलं आहे. त्याच आठवड्यात जर्मन फौजा स्टालिनग्राडच्या वेशीवर, व्होल्गाच्या काठी होत्या. माझ्या मते डायरीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच, कारण त्यात वाईट असं काहीच घडत नाही.

नेताजींच्या फाइलमागे बसलेला माणूस

१९४१ मध्ये मिसी रेडिओ सोडून परराष्ट्र खात्याच्या माहिती विभागात आली. तिथे तिला भेटला आडाम फॉन ट्रॉट. भारतीय वाचकाने इथे कान टवकारावेत.

ट्रॉट १९०९ चा, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला. परराष्ट्र खात्यात त्याच्याकडे भारतासाठीचा खास विभाग होता. एप्रिल १९४१ मध्ये सुभाषचंद्र बोस 'ओर्लांडो माझोट्टा' या इटालियन नावाने बर्लिनला पोहोचले, तेव्हा त्यांची सरकारी बाजू सांभाळायचं काम या विभागाकडे आलं. फ्री इंडिया सेंटर, आझाद हिंद रेडिओ यांचे कागद ट्रॉट आणि त्याचा साथीदार अलेक्झांडर वेर्ट यांच्या टेबलावरून जायचे.

ट्रॉट नाझी नव्हता. पक्षाचं सदस्यत्व त्याने १९४० मध्ये घेतलं ते आडोसा म्हणून. भारत विभागाचाही त्याला असाच उपयोग झाला. युद्धाच्या काळात साध्या अधिकाऱ्याला परदेशी जाता येत नव्हतं; भारताच्या कामाच्या नावाखाली ट्रॉट स्वित्झर्लंड, स्वीडन, तुर्कस्तान अशा तटस्थ देशांत जायचा आणि तिथून दोस्त राष्ट्रांकडे निरोप पोहोचवायचा: जर्मनीत हिटलरविरोधी माणसं आहेत, तुम्ही साथ द्याल का? साथ मिळाली नाही. जानेवारी १९४३ मध्ये दोस्तांनी 'बिनशर्त शरणागती'ची अट जाहीर केली आणि ते दार जवळजवळ बंदच झालं.

म्हणजे ज्या कचेरीत बसून नेताजी ब्रिटिशांविरुद्ध जर्मनीची मदत मिळवू पाहत होते, त्याच कचेरीतला प्रमुख हिटलरविरुद्ध ब्रिटिशांची मदत मागत होता.

दुर्दैव असं, की नेताजींचा बर्लिनमधला जवळजवळ सगळा मुक्काम (एप्रिल १९४१ ते फेब्रुवारी १९४३) डायरीच्या हरवलेल्या भागात पडतो. जुलै १९४१ ते जुलै १९४३ मधली बहुतेक पानं युद्धात नाहीशी झाली. त्या दोन वर्षांची जागा छापील पुस्तकात काही उरलेल्या नोंदी आणि पत्रांनी भरून काढली आहे. त्यामुळे 'मिसीच्या नजरेतून नेताजी' असं काही मिळेल या आशेने कोणी पुस्तक उघडू नये.

बर्लिन जळतं तेव्हा

डायरी खरी पेटते ती नोव्हेंबर १९४३ मध्ये. २२ तारखेच्या रात्री ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर त्या युद्धातला सर्वांत विध्वंसक हल्ला चढवला. सुमारे २,००० माणसं मेली, पावणेदोन लाख बेघर झाली. शहराच्या पश्चिम भागातलं कैसर विल्हेल्म चर्च त्याच रात्री पडलं. त्याचा तुटका मनोरा आजही तसाच ठेवलेला आहे. मिसी संध्याकाळी घरी आली तेव्हा वडील दोन तरुणांना रशियन शिकवत होते. त्यानंतर सगळे तळघरात.

दुसऱ्या दिवशीपासूनच्या नोंदी वाचाव्यात अशाच आहेत. मिसी ऑफिसला जायला निघते, ऑफिस जागेवर आहे का ते पाहायला. ओळखीच्या रस्त्यावर ओळखीचं काही उरलेलं नाही. धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून तोंडाला ओला रुमाल. आणि मग ती भिंतींकडे पाहते. काळ्या पडलेल्या भिंतींवर लोकांनी खडूने निरोप लिहून ठेवलेत. कोणी एका बाईंना नावाने हाक मारून विचारलंय, तुम्ही कुठे आहात, मी सगळीकडे शोधतेय, माझ्याकडे जागा आहे, या. कुठे फक्त एवढंच, की या तळघरातली सगळी माणसं वाचली. काही दिवसांनी त्याच भिंतींवर खाली उत्तरं उमटू लागली. फोन बंद, टपाल बंद, म्हणून घराची पडकी भिंतच पत्ता झाली. इतिहासाच्या पुस्तकात 'पावणेदोन लाख बेघर' वाचताना जे कळत नाही ते या खडूच्या अक्षरांत कळतं.

थट्टाही थांबत नाही. प्राणिसंग्रहालयावर बॉम्ब पडल्यावर शहरभर अफवा उठल्या. त्यांतला एक किस्सा पुस्तकात आहे: सुटलेला वाघ एका नामांकित कॅफेच्या ढिगाऱ्यात शिरला, तिथली पेस्ट्री खाल्ली आणि जागीच मेला. त्यावरून पेस्ट्रीच्या दर्जाबद्दल कोणी तरी वाकडं बोललं, तर मालकाने अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. कोर्टाने वाघाचं शवविच्छेदन करवलं. पोटात काचेचे तुकडे निघाले आणि मालक सुटकेचा श्वास टाकता झाला. खरं किती, देव जाणे.

हल्ल्यांनंतर परराष्ट्र खात्याचे काही विभाग डोंगरात, क्रुमह्युबेल या गावी हलवले गेले (आता ते पोलंडमध्ये आहे, नाव कार्पाच). मिसीकडे तिथे फोटोंचा संग्रह उभा करायचं काम होतं. राजधानी कोसळतेय आणि हे लोक बर्फात बसून फोटोंना नंबर घालताहेत. नोकरशाही कुठलीही असो, आपलं काम सोडत नाही. तिचा वरिष्ठ होता एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाचा, अधिकारी फ्रान्झ झिक्स. त्याच्याबद्दल तिला मनस्वी तिटकारा होता.

२० जुलै १९४४

कटाची आखणी थोडक्यात अशी. कर्नल श्टाउफेनबेर्ग बॅगेत बॉम्ब घेऊन पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या तळावर, 'लांडग्याच्या गुहे'त, जाणार. हिटलर मेला की बर्लिनमध्ये राखीव सैन्याने सत्ता ताब्यात घ्यायची. त्यासाठी 'वाल्क्युरी' नावाची एक अधिकृत योजनाच वापरायची ठरली होती, जी मुळात बंडाळी मोडण्यासाठी होती. बंड मोडायच्या हुकमानेच बंड करायचं, अशी युक्ती.

बॉम्ब दुपारी पावणेएकच्या सुमाराला फुटला. पण दोनपैकी एकच स्फोटक तयार करायला वेळ मिळाला होता, आणि कोणी तरी ती बॅग टेबलाच्या जाड लाकडी पायापलीकडे सरकवली होती. चार जण मेले, हिटलर वाचला. तो जिवंत असल्याचं बर्लिनला कळताच डळमळीत असलेले अधिकारी मागे फिरले. श्टाउफेनबेर्गला त्याच रात्री गोळ्या घातल्या. मध्यरात्र उलटल्यावर हिटलर स्वतः रेडिओवर बोलला. मिसी तेव्हा पॉट्सडॅमला, बिस्मार्कच्या घरी होती.

कटाआधीच्या दिवसांत मिसीने एक फार मोकळं मत लिहिलं आहे. तिचं म्हणणं, मी जर्मन नाही. मला फक्त तो सैतान संपलेला हवा आहे, पुढे काय होईल याची चिंता मी करत बसत नाही. हे लोक देशभक्त आहेत. त्यांना देश वाचवायचा आहे, म्हणून ते नंतरच्या सरकारच्या, वाटाघाटींच्या विचारात अडकतात. ट्रॉटचं आणि तिचं यावरून पटत नसे. कोणाचं बरोबर, यावर आजही इतिहासकार भांडू शकतील. मला मिसीचं पटतं, पण ट्रॉटवर जे ओझं होतं ते तिच्यावर नव्हतं हेही खरं.

पुढचे आठवडे म्हणजे एकेकाच्या अटकेची यादी. ट्रॉटला २५ जुलैला पकडलं. बायकोला तुरुंगात टाकलं, दोन लहान मुली काढून नेल्या, कारण नाझींच्या हिशेबी गुन्हा एकट्याचा नसतो, रक्ताच्या नात्याचा असतो. मिसी आणि तिची धाडसी मैत्रीण लोरेमारी शोनबुर्ग तुरुंगाच्या दाराशी खेटे घालत, खाण्याची पार्सलं आत पोहोचतात का ते पाहत. पार्सल घेतलं गेलं की माणूस जिवंत, एवढाच अर्थ लावायचा. ट्रॉटला २६ ऑगस्टला प्लोट्झेनझे तुरुंगात फाशी दिली. तरी बाहेर तो अजून जिवंत असल्याच्या वावड्या उठत राहिल्या आणि मिसी त्यांना धरून होती. या कटापायी सुमारे २०० जणांना मृत्यू आला. गॉटफ्रीड बिस्मार्क मात्र ऑक्टोबरमध्ये निर्दोष सुटला, आणि कोर्टाने सोडल्यावर त्याला छळछावणीत टाकलं. बिस्मार्क हे नाव फासावर चढवणं जड गेलं असावं, असा अंदाज करता येतो.

हे सगळं मिसीने स्वतःच्या खास लघुलिपीत टिपलं आणि कागद दडवून ठेवले. साध्या लिपीत ते उतरलं युद्धानंतर. त्याआधीच्या काळात तिची पद्धत याहून अजब होती: रोजचं टिपण टाइप करायचं आणि ऑफिसच्याच कपाटात सरकारी फायलींमध्ये सरकवायचं. इतक्या कागदांत कोण पाहतो, हा हिशेब, आणि तो बरोबर निघाला.

१९४५ मध्ये ती व्हिएन्नात, हवाई दलाच्या इस्पितळात नर्स झाली. १२ मार्चच्या हल्ल्यात तिथलं ऑपेरागृह जळालं, शेजारच्या मोठ्या इमारतीच्या तळघरात दोनशेहून अधिक माणसं गाडली गेली. लाल सैन्य शहराच्या तोंडाशी आलं तेव्हा ती पश्चिमेकडे निघाली.

जे या डायरीत नाही

ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यू नागरिकांना आगगाड्यांत कोंबून पूर्वेकडे पाठवणं सुरू झालं. जून १९४३ मध्ये नाझींनी शहर 'ज्यूमुक्त' झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे हा काळही नेमका हरवलेल्या पानांचा. पण सगळं खापर त्या पानांवर फोडता येत नाही. उरलेल्या शेकडो पानांतही ज्यूंबद्दल फार थोडं आहे. मित्रांच्या मरणाने तुटून जाणारी ही बाई शेजारची घरं रिकामी होताना काय पाहत होती, हा प्रश्न उरतोच. तिला दिसलं नाही, की दिसून लिहिलं नाही, की लिहिलं आणि हरवलं? मिसीवर माया जडलेले वाचक हा प्रश्न टाळतात. तिला फक्त 'पार्ट्या करणारी प्रिन्सेस' ठरवून मोकळे होणारे खडूची अक्षरं विसरतात.

दुसरी अडचण संपादनाची. १९४६ मध्ये मिसीने पीटर हार्नडेन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. तो पुढे आर्किटेक्ट म्हणून नावाजला. चार मुलं झाली, संसार पॅरिसमध्ये आणि स्पेनमध्ये झाला. डायरीचा अंतिम मसुदा तिने सत्तरच्या दशकात, आयुष्याच्या शेवटी तयार केला. १९७८ मध्ये ल्युकेमियाने लंडनला गेली. 'बर्लिन डायरीज' हे पुस्तक १९८५ मध्ये आलं, धाकटा भाऊ जॉर्ज याच्या टिपांसह. हा जॉर्ज युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्ग खटल्यात तत्काळ भाषांतर करणाऱ्या पहिल्या दुभाष्यांपैकी एक. एरवी बोलताना अडखळायचा, पण माइकसमोर दुसऱ्याचं बोलणं भाषांतरित करताना नाही. न्यूरेम्बर्गलाच पुढे झिक्सला २० वर्षांची शिक्षा झाली, आणि १९५२ मध्ये तो सुटलाही.

जॉर्जच्या टिपा उपयोगी आहेत, पण त्या १९८५ च्या शहाणपणातून आल्या आहेत. मिसीला नोंद करताना उद्या काय होणार ते माहीत नव्हतं. दोघांचे आवाज वेगळे ठेवून वाचावं लागतं. आणि पुस्तक हाती आलंच, तर १९४० च्या जेवणावळींपासून सुरुवात करू नका, कंटाळाल. जुलै १९४३ पासून शेवटपर्यंत वाचा, मग मागे या. त्या जेवणावळींत कोण कोण बसलं होतं हे तोवर कळलेलं असेल.